प्रकाशझोतात कुणीच नव्हतं

ताईच्या नातीचा साखरपुडा गेल्या महिन्यात झाला. मुलगी कथक शिकलेली. शिकलेली म्हणजे हौसेपुरती नव्हे. गेली सतरा-अठरा वर्षं पहाटे उठून रियाज करणारी. मुलगा इंजिनिअर, शिवाय बऱ्यापैकी बासरी वाजवणारा. जेवणं उरकली, विड्यांचं तबक फिरू लागलं आणि मुलाकडच्या एक वडीलधाऱ्या बाई मुलीच्या पाठीवरून हात फिरवत अगदी प्रेमानं म्हणाल्या, ''मग काय, लग्नानंतर नाच चालू ठेवणार ना? की आता बास?''

विचारण्यात खोच नव्हती. 'चालू ठेव हो' असंच त्यांना सुचवायचं असावं. मुलगी हसली आणि म्हणाली, ''आजी, त्याला विचारलंत का, बासरी चालू ठेवणार का म्हणून?'' सगळे हसले. त्या बाईही मनमोकळेपणानं हसल्या. हसली नाही ती फक्त माझी ताई. ती विड्याच्या पानाला चुना लावत होती, तो लावतच राहिली.

घरी परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, ''अरे, तुझ्या त्या लाल बुटांच्या सिनेमाचं काय झालं? मला दाखवणार होतास.''

दाखवणार होतो हे खरं. पण त्या वायद्याला आता जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती.

'द रेड शूज' हा इंग्रजी चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो १९७७ साली, पुण्यात, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. मी वीस वर्षांचा. लोखंडी खुर्च्या, मध्येच तुटणारी रिळं, पडद्यावर पावसासारख्या रेघा. तरीही त्या पडद्यावरून लाल रंग असा अंगावर आला की खेळ संपल्यावर आम्ही चार मित्र सायकली हातात धरून चालत निघालो ते मध्यरात्रीपर्यंत वाद घालत होतो. विषय अर्थातच 'कला की संसार?' अशा वयात असे विषय फार आवडतात. आपल्याला कुणी काही सोडायला सांगणार नाही याची खात्री असली की त्यागावर बोलायला मोठी बहार येते.

तेव्हा ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. मी तिला गोष्ट सांगितली. ती बाळाची लंगोटी वाळत घालत ऐकत होती. म्हणाली, ''मला दाखव हं एकदा.'' मी म्हटलं, ''दाखवतो की.'' आणि विसरून गेलो.

हा चित्रपट १९४८ सालचा. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडीनं तो लिहिला, निर्माण केला, दिग्दर्शित केला. पॉवेल इंग्लंडातल्या केंट परगण्यातला. प्रेसबर्गर हंगेरीतून आलेला ज्यू, नाझींच्या धास्तीनं जर्मनी सोडून निघालेला. चित्रपटाचं मूळ डेन्मार्कच्या हान्स अँडरसननं १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या एका परीकथेत आहे. एका मुलीला लाल बुटांचा मोह पडतो. बूट पायात चढतात, पाय नाचू लागतात आणि मग थांबतच नाहीत. डोंगर, रानं, दिवस, रात्री सगळ्यांतून बूट तिला ओढत नेतात. शेवटी तीच मांग मारेकऱ्याला विनवते, माझे पाय तोड. लहान मुलांसाठी अशी गोष्ट लिहिणारा हा माणूस स्वतः एका चांभाराचा मुलगा होता.

या कथेभोवती प्रेसबर्गरनं १९३०च्या दशकात एक पटकथा लिहिली, ती निर्माता अलेक्झांडर कोर्डा याच्यासाठी. नायिका म्हणून डोळ्यांपुढे होती मर्ल ओबेरॉन. हे नाव आपण जरा थांबून वाचायला हवं, कारण ही बाई मुळात आपल्या मुंबईची. १९११ साली तिथं जन्मली, मुंबई-कलकत्त्यात वाढली, हौशी रंगभूमीवर वावरली आणि पुढे विलायतेत जाऊन तारका झाली. १९३५ सालच्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पण पडद्यावरचा आपला गोरा मुखवटा टिकवण्यासाठी तिनं आपलं हिंदुस्थानी रक्त आयुष्यभर लपवलं. आपण टास्मानियात जन्मलो, असं ती सांगत राहिली. जिनं तिला आईच्या मायेनं वाढवलं त्या सावळ्या आजीला लोकांपुढे घरातली मोलकरीण म्हणून वावरावं लागलं, असं तिच्या चरित्रकारांनी नोंदवलं आहे. प्रसिद्धीच्या झोतात उभं राहण्याची किंमत किती असते, या विषयावरचा चित्रपट जिच्यासाठी लिहिला गेला, तिनं ती किंमत आधीच मोजायला घेतली होती.

तो चित्रपट तेव्हा झाला नाही. महायुद्ध आलं आणि गेलं. युद्धानंतर पॉवेल-प्रेसबर्गर यांनी पटकथा कोर्डाकडून परत विकत घेतली. पॉवेलची अट एकच होती. नायिकेचं काम खऱ्या नर्तिकेनंच करायचं; चेहरा एकीचा आणि पाय दुसरीचे, असलं काही चालणार नाही. त्यांनी हेरली मॉयरा शिअरर. तांबड्या केसांची स्कॉटिश मुलगी, वय वीस-एकवीस, लंडनच्या सॅडलर्स वेल्स बॅले कंपनीत नाव काढत असलेली. तिनं चक्क नकार दिला. तिला सिनेमा नको होता, नाचायचं होतं. तिला राजी करण्यात सुमारे वर्ष गेलं.

आता गोष्ट थोडक्यात. बॉरिस लेरमॉन्टोव्ह हा एका मोठ्या बॅले कंपनीचा मालक आहे. उंची कपडे, काळा चष्मा, मृदू आवाज आणि आत पोलाद. व्हिकी पेज ही होतकरू नर्तिका आणि ज्यूलियन क्रॅस्टर हा तरुण संगीतकार, दोघंही एकाच सुमाराला त्याच्या कंपनीत येतात. पहिल्याच भेटीत लेरमॉन्टोव्ह व्हिकीला विचारतो, तुला नाचायचं कशासाठी आहे? ती उलट विचारते, तुम्हाला जगायचं कशासाठी आहे? त्याला धड उत्तर देता येत नाही. जगल्यावाचून राहवत नाही एवढंच तो सांगतो. ती म्हणते, माझंही तेच उत्तर.

कंपनी पॅरिसला जाते, माँटे कार्लोला जाते. तिथली मुख्य नर्तिका आपलं लग्न ठरल्याची आनंदवार्ता सांगते, सगळे तिचं अभिनंदन करतात आणि लेरमॉन्टोव्ह तिला मनातून कायमची पुसून टाकतो. माणसाच्या प्रेमासारख्या बेभरवशाच्या गोष्टीवर विसंबणारी बाई मोठी नर्तिका होऊच शकत नाही, असा त्याचा सिद्धान्त आहे. तिची जागा व्हिकीला मिळते. 'लाल बूट' याच नावाचा नवा बॅले बसवला जातो, संगीत ज्यूलियनचं. प्रयोग अपूर्व यशस्वी होतो. आणि अर्थातच ती दोघं प्रेमात पडतात. लेरमॉन्टोव्ह ज्यूलियनला काढून टाकतो, व्हिकी त्याच्यापाठोपाठ कंपनी सोडते, दोघं लग्न करतात. पुढे एका सुट्टीत लेरमॉन्टोव्ह तिला पुन्हा गाठतो, लाल बूट पुन्हा नाचायला ये म्हणतो. ती जाते. प्रयोगाच्या रात्री, तिसरी घंटा व्हायला काही मिनिटं असताना, लंडनमधला आपल्या ऑपेराचा पहिला प्रयोग टाकून ज्यूलियन तिच्या मेकअपच्या खोलीत येऊन उभा राहतो. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मालक, मध्ये लाल बूट घातलेली व्हिकी. दोघंही एकच सांगतात, आत्ता निवड. ज्यूलियन निघून जातो. व्हिकीला रंगमंचाकडे नेत असताना ती वळते, धावत सुटते आणि गच्चीवरून खाली आगगाडीपुढे उडी टाकते.

लेरमॉन्टोव्ह पडद्यापुढे येतो. मोडलेल्या आवाजात सांगतो की मिस पेज आज नाचू शकणार नाहीत, किंबहुना यापुढे कधीच नाही. तरीही प्रयोग होतो. पडदा उघडतो, संगीत सुरू होतं, बाकीचे नर्तक आपापल्या जागी नाचतात आणि नायिकेच्या जागी फक्त एक प्रकाशझोत रंगमंचावर फिरत राहतो. त्या झोतात कुणीच नसतं.

चित्रपटात जो सबंध बॅले आहे तो सुमारे सतरा मिनिटांचा. एवढा मोठा नाच कथेच्या मधोमध अखंड घालायचा हे धाडस त्या काळी मोठं होतं. तो सुरू होतो रंगमंचावर, पण थोड्याच वेळात रंगमंचाच्या भिंती विरून जातात आणि आपण व्हिकीच्या डोक्यात शिरतो. वर्तमानपत्राच्या कागदाचा माणूस होतो आणि तिच्याबरोबर नाचतो; चांभाराच्या जागी क्षणभर लेरमॉन्टोव्ह दिसतो, क्षणभर ज्यूलियन. नेपथ्य करणारा हाइन हेकरॉथ हा चित्रकार, जर्मनीतून परागंदा झालेला. छायालेखक जॅक कार्डिफ. संगीत ब्रायन ईझडेल यांचं, आणि बॅलेचा वाद्यवृंद चालवायला साक्षात सर टॉमस बीचम. नाच बसवले रॉबर्ट हेल्पमननं. चांभाराचा नाच मात्र लिओनीद मासिननं स्वतःचा स्वतः रचला आणि केला.

हे सगळं १९४८ सालच्या लंडनात. बॉम्बनी पडलेल्या इमारतींचे ढिगारे अजून उपसायचे होते, कपड्यांना कूपनं लागत होती, पाव नुकताच रेशनमधून सुटला होता. पॉवेलनं पुढे आपल्या आठवणींत म्हटलं आहे की युद्धाच्या काळात वर्षानुवर्षं लोकांना स्वातंत्र्यासाठी मरा म्हणून सांगितलं गेलं, आणि युद्ध संपल्यावर हा चित्रपट येऊन म्हणाला, कलेसाठी मरा. ज्यांनी पैसा घातला त्यांना हे काय चाललंय ते कळेना. त्यांनी गाजावाजा न करताच चित्रपट बाहेर काढला. मग तो न्यूयॉर्कच्या एका लहानशा थिएटरात लागला आणि तिथून दोन वर्षांहून अधिक काळ हललाच नाही. संगीत आणि कलादिग्दर्शन अशी दोन ऑस्कर त्याला मिळाली. कित्येक देशांतल्या मुलींनी हा चित्रपट पाहून बॅलेच्या वर्गात नाव घातलं. पडद्यावर एक मुलगी नाचापायी मरते आणि ते पाहून हजारो मुली नाचायला जातात, यातच काहीतरी कोडं आहे.

तर साखरपुड्यानंतरच्या रविवारी मी ताईला घरी बोलावलं आणि वायदा पुरा केला. आता रिळं तुटण्याची भीती नाही. या चित्रपटाच्या मूळ निगेटिव्हवर बुरशी चढली होती. टेक्निकलरच्या पद्धतीत प्रत्येक चित्राच्या तीन निगेटिव्ह असत. सव्वादोन तासांच्या चित्रपटाची अशी जवळपास पावणेसहा लाख चित्रं होतात. ती साफ करून, जुळवून, २००९ साली नवी प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. या कामामागे मार्टिन स्कॉर्सेसी हा अमेरिकन दिग्दर्शक होता, ज्यानं लहानपणी वडिलांबरोबर हा चित्रपट पाहिला होता. त्या प्रतीतला लाल रंग पाहून मला १९७७च्या पावसाळी पडद्याची कीव आली.

ताईला इंग्रजी भरभर कळत नाही, खालची अक्षरं वाचायला चष्मा लागतो. पण ती एकटक बघत होती. बॅलेच्या सतरा मिनिटांत तिच्या उजव्या पायाचा अंगठा सतरंजीवर ताल धरत होता, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

लग्नानंतरचा एक प्रसंग आहे. मी तो तरुणपणी पाहिला होता, पण लक्षात राहिला नव्हता. रात्र आहे. ज्यूलियनला संगीत सुचलंय, तो उठून पियानोपाशी गेलाय. व्हिकीला जाग येते. ती एक खण उघडते. खणात तिचे नाचाचे बूट नीट ठेवलेले आहेत. ती ते बघते आणि मग नवऱ्याजवळ जाऊन उभी राहते. एवढंच. ताई म्हणाली, ''जरा थांबव.'' मी थांबवलं. ती आत जाऊन पाणी पिऊन आली आणि बसली. म्हणाली, ''त्याचा पियानो घरात मधोमध. हिचे बूट खणात.''

पन्नास वर्षं मी ज्या चित्रपटावर बोलत आलो, त्याची मेख ताईनं एका वाक्यात सांगितली होती. आम्ही मित्रांनी त्या रात्री 'कला की संसार' यावर घसा कोरडा केला, पण एक साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. लग्न दोघांनी केलं होतं. कलावंत दोघंही होते. ज्यूलियनचं संगीत लग्नानंतर एक दिवसही बंद पडलं नाही. उलट त्याचा ऑपेरा पुरा झाला. 'कला की संसार' हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नाही. तो प्रश्न फक्त तिच्यासाठी राखून ठेवला होता. ताईची नात विड्याच्या तबकाशेजारी उभी राहून हेच तर विचारत होती.

ज्यूलियनवर अन्याय करायचा नाही. तोही त्या रात्री स्वतःच्या ऑपेराचा पहिला प्रयोग टाकून आला आहे, हे लहान नव्हे. पण त्यानं टाकली ती एक संध्याकाळ. तिच्याकडे तो मागत होता सगळ्या संध्याकाळी. लेरमॉन्टोव्हचंही अगदीच चूक नाही. नाच ही अर्धवेळ करायची गोष्ट नाही, शरीराची वर्षं मोजकी असतात, रियाजाला सुट्टी नसते, हे कुठलाही गुरू सांगेल. त्याचा दोष एवढाच की तिच्या कलेसाठी आपण झटतोय असं म्हणता म्हणता ती कला त्यानं आपल्या मालकीची करून टाकली. एक म्हणतो ती माझी बायको, दुसरा म्हणतो ती माझी नर्तिका. दोघांचंही तिच्यावर प्रेम आहे, आणि म्हणूनच हा चित्रपट इतका कठीण जातो. खलनायक असता तर आपण सुटलो असतो.

हे केवळ पडद्यावर घडत नव्हतं. लेरमॉन्टोव्हमागे रशियन बॅलेचा सूत्रधार सर्गेई द्यागिलेव्ह याची सावली आहे, असं मानलं जातं. निजिन्स्की या जगद्विख्यात नर्तकानं १९१३ साली दौऱ्यावर असताना लग्न केलं आणि द्यागिलेव्हनं त्याला कंपनीतून काढून टाकलं. पुढे १९२१ साली मासिनलाही त्यानं घालवलं, कारण पुन्हा प्रेमप्रकरण. हाच मासिन सत्तावीस वर्षांनी या चित्रपटात लाल बूट विकणारा चांभार झाला. त्या खोलीतल्या इतर कुणाहीपेक्षा गोष्ट त्याला अधिक ठाऊक होती. आणि स्वतः मॉयरा शिअरर? तिनं १९५० साली लग्न केलं, चार मुलं वाढवली, १९५३ साली, म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी, बॅले रंगमंचाचा निरोप घेतला. पुढे ती नाटकांत, चित्रपटांत दिसली, लिहीत राहिली. २००६ साली वारली. या चित्रपटाबद्दल मात्र ती कौतुकानं फारशी बोलली नाही. आपल्या नाचाचं त्यानं नुकसानच केलं, असं तिला वाटे. तिचं आयुष्य व्हिकीसारखं शोकान्त नव्हतं आणि ती त्यात दुःखी होती असं म्हणायला आधार नाही. जगात सगळ्याच बायका आगगाडीपुढे उडी टाकत नाहीत. बहुतेकजणी खण बंद करतात आणि स्वयंपाकाला लागतात.

आता माझं स्वतःचं सांगणं भाग आहे, कारण त्यावाचून हा लेख म्हणजे पुन्हा सायकल हातात धरून केलेली चर्चाच ठरेल.

ताई नवव्या वर्षापासून कथक शिकत होती. आमचं घर वाड्यात, वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. ती संध्याकाळी चाळ बांधून तत्कार सुरू करायची आणि खालच्या बिऱ्हाडाचं छत वाजायचं. ते लोक कधी काही बोलले नाहीत. बोललो मी. माझी परीक्षा होती. ''हिचं हे खळ्ळखट्ट बंद करा, नाहीतर मी नापास होईन,'' असा मी कांगावा केला. वडिलांनी ताईला सांगितलं, परीक्षा होईपर्यंत राहू दे. परीक्षा झाली, मी पास झालो, पण संध्याकाळचा रियाज पुन्हा पहिल्यासारखा सुरू झाला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा माझी परीक्षा होतीच. नंतर तिचं लग्न ठरलं. सासरची माणसं खरोखर चांगली. बोलणी चालू असताना वडिलांनी नाचाचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, ''आमची काहीच हरकत नाही. घरचं सगळं सांभाळून करू दे की.''

'घरचं सगळं सांभाळून.' आपल्या भाषेत या तीन शब्दांइतकी सभ्य, सुसंस्कृत अशी दुसरी बंदी नसेल. यात नाही म्हटलेलं नसतं, त्यामुळे भांडता येत नाही. होही म्हटलेलं नसतं. घर तर कधी पुरतं सांभाळून होतच नसतं. सकाळचं झालं की संध्याकाळचं असतं, सासूबाईंचं झालं की मुलांचं असतं. ताईला कुणी कधीच नाच सोड म्हणालं नाही. तिनं तो सोडलाही नाही. तो नुसता मागे राहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी तिचे चाळ जुन्या साडीत बांधून माळ्यावर ठेवायला शिडी मीच धरली होती. ''नंतर घेऊन जाईन,'' असं ती म्हणाली होती.

ती कधी न्यायला आली नाही. वीस वर्षांनी वाडा पाडायला निघाला तेव्हा माळा मी रिकामा केला. गाठोडं उघडून पाहिलं, आत घुंगरू होते. भंगारवाला दारात उभा होता. पितळेच्या भांड्यांबरोबर ते वजनावर गेले. ताईला मी हे सांगितलं नाही. विचारलंच तर सांगू, असं मनाशी म्हटलं. तिनं विचारलं नाही.

परवा चित्रपट संपला. पडद्यावर तो प्रकाशझोत रिकाम्या रंगमंचावर फिरत होता. चांभार त्याला बूट देत होता, जमाव त्याला वाट करून देत होता. ताई हळूच म्हणाली, ''बघितलंस? तिनं कुठं असायला हवं होतं ते सगळ्यांना पाठ होतं.''

मग मला राहवेना. मी म्हटलं, ''ताई, तुझे चाळ मी भंगारात घातले. वाडा पाडला तेव्हा.''

''ठाऊक आहे,'' ती म्हणाली. ''आईनं तेव्हाच सांगितलं होतं.''

''मग इतकी वर्षं बोलली नाहीस?''

''काय बोलायचं? मला तरी ते न्यायला यायला कुठं झालं!'' आणि थोड्या वेळानं, ''चहा टाकतेस का म्हणायला घरात कुणी नाही तुझ्याकडे. तूच टाक आता.''

मी चहा टाकला.

लग्नसराई दारात आली आहे. या सुट्टीच्या दिवशी हा मजकूर वाचणाऱ्या कित्येक घरांत गाणारी, नाचणारी, नाटकात काम करणारी एखादी मुलगी असेल. आपण आता १९७६ सालचे राहिलेलो नाही. मुलींना आपण हौसेनं क्लासला घालतो, गाडीवरून सोडतो-आणतो, त्यांच्या कार्यक्रमाचे फोटो नातेवाइकांना पाठवतो. पण लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्याच तोंडून ते जुने तीन शब्द बाहेर पडतात, कारण ते समजूतदार वाटतात. माझं म्हणणं एवढंच की ते बोलण्याआधी क्षणभर थांबावं. 'नाच चालू ठेवणार का' असं मुलीला विचारण्यापेक्षा, आठवड्यातल्या कुठल्या संध्याकाळी ती घरी नसेल आणि त्या दिवशी स्वयंपाक कोण करील, हे दोघांना मिळून विचारावं. रियाजाला खोली कुठली, मूल झालं तर पहाटेचे दोन तास त्याला कोण घेणार, दौरा आला तर काय, हे तांदूळ-गव्हाच्या यादीसारखं आधी बसून ठरवावं. मोठमोठ्या तत्त्वांची चर्चा प्रयोगाला पाच मिनिटं असताना मेकअपच्या खोलीत होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ज्यूलियन आणि व्हिकी यांनी पियानो आणि बूट यांच्या जागा लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ठरवल्या असत्या, तर कदाचित पॉवेल-प्रेसबर्गरना चित्रपटाला दुसरा शेवट शोधावा लागला असता.

हे सगळं केलं तरी तिनं नाच सोडायचं ठरवलं, तर तेही तिचंच. सोडण्याचा हक्कही करणाऱ्याचाच असतो. पण मग ते तिनं सोडलेलं असावं. घरादारानं मिळून मागे पाडलेलं नसावं.

नातीचं लग्न मार्गशीर्षात आहे. अहेराला काय द्यायचं म्हणून मी ताईला विचारलं. ती म्हणाली, ''तिला काही नको. जावयाला विचार, घरात मोकळी फरशी किती आहे.''